दुधाची अ‍ॅलर्जी गेली की नाही, हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेपाच वर्षांची. सात महिन्यांची असताना वरचं दूध पहिल्यांदा दिलं आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, लागोपाठ तीन उलट्या झाल्या. पुढे अंड्यानंही तसंच झालं. शेंगदाणा तिनं कधी खाल्लेला नाही, पण त्वचेच्या चाचणीत तो 'पॉझिटिव्ह' आला म्हणून तोही बंद. लहानपणी इसब खूप होता, आता बराच कमी आहे. दुधाचा रक्तातला आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारं प्रतिपिंड) तीन वर्षांपूर्वी १८ होता, आता ४ आहे. गेल्या महिन्यात एका वाढदिवसाला तिनं चुकून केकचा तुकडा खाल्ला आणि काहीच झालं नाही. आई विचारते, "मोठी झाली की जाईल असं सगळे म्हणत होते. गेली असेल का? घरी अर्धा कप दूध देऊन बघू का? आणि धाकटा पाच महिन्यांचा आहे, त्याचं काय करू?"

ताई, आधी नेमकं उत्तर देते, कारणं मग सांगते. घरी दूध देऊन बघू नका. केक पचला ही खरोखरच आनंदाची गोष्ट आहे, पण केक पचला म्हणून दूध पचेलच असं नाही. तुमच्या मुलीची दुधाची अ‍ॅलर्जी सुटण्याच्या वाटेवर असावी असं मला वाटतं, आणि म्हणूनच आता अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या समोर बसून, तोंडावाटे दूध देऊन तपासायची वेळ आली आहे. "मोठी झाली की जाईल" हे दुधाच्या बाबतीत बहुतेकदा खरं ठरतं. पण गेली की नाही हे कुणीतरी दर वर्षी तपासावं लागतं. ते राहून गेलं की अ‍ॅलर्जी केव्हाच गेलेली मुलं वर्षानुवर्षं दुधाविना राहतात, आणि न गेलेली मुलं एखाद्या दिवशी घरच्या प्रयोगातून थेट इमर्जन्सीत येतात. मी दोन्ही पाहिलं आहे.

आता त्या केकबद्दल. माझ्यासमोर बसला असतात तर मी बारीकसारीक विचारलं असतं. तुकडा केवढा होता, दोन घास की पूर्ण फोड? त्यात दूध आणि अंडं नक्की होतं का? वर क्रीम होतं का, आणि तिनं ते चाटलं का? क्रीम भाजलेलं नसतं, त्यामुळे ते खाऊनही काही झालं नसेल तर त्याचा अर्थ फार वेगळा होतो. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सर्दी-खाजेसाठी अँटीहिस्टामिन दिलं होतं का? दिलं असेल तर अंगावर उठायच्या गांधी त्यानं दाबल्या असण्याची शक्यता आहे. आणि खाल्ल्यानंतर दोन तास कुणाचं तिच्याकडे लक्ष होतं का? हे सगळं आजच एका कागदावर लिहून ठेवा, महिन्याभरानं नीट आठवणार नाही. भेटीच्या वेळी डॉक्टरांना त्याचा रक्ताच्या रिपोर्टइतकाच उपयोग होतो.

केक चालतो आणि दूध चालत नाही, असं का होतं? दुधात प्रथिनांचे दोन मोठे गट असतात. एक केसीन, दुसरा दह्याच्या निवळीत उतरणारा, म्हणजे व्हे. व्हेमधली प्रथिनं लोकरीच्या गुंड्यासारखी घट्ट वळलेली असतात. आपली प्रतिकारशक्ती पुष्कळदा त्या गुंड्याचा आकार ओळखते. १८० अंशांना अर्धा तास भाजलं की गुंडा उलगडतो आणि ओळख पुसली जाते. शिवाय केकमध्ये दूध गव्हाच्या पिठात अडकून बसतं, त्यामुळेही ते शरीराला सहज सापडत नाही. केसीन मात्र मुळातच सैल धाग्यासारखं असतं. त्याला उलगडायला काही नसतंच, म्हणून उष्णतेचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. अंड्यातही अशीच जोडी आहे: ओव्हाल्ब्युमिन उष्णतेनं बदलतं, ओव्होम्युकॉइड टिकून राहतं.

ज्या मुलांचा आयजीई मुख्यतः गुंड्याचा आकार ओळखतो, त्यांना भाजलेलं चालतं आणि त्यांची अ‍ॅलर्जी सहसा लवकर सुटते. ज्यांचा आयजीई धागाच ओळखतो, त्यांना केकच्या घासानंही त्रास होतो आणि त्यांची अ‍ॅलर्जी लांबते. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण ७५ टक्के मुलांना नीट भाजलेल्या पदार्थातलं दूध चालतं, हे २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अभ्यासातून पुढे आलं, आणि त्यानंतर आमच्या कामाची पद्धतच बदलली. त्याआधी आम्ही "दुधाचा थेंबही नको" असं सरसकट सांगत होतो. मीही तेच सांगत होते. ज्या मुलांना केक-बिस्किटं सहज चालली असती, त्यांच्या कित्येक आयांना मी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला लावली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मात्र दूध नुसतं उकळल्यानं हा फायदा मिळत नाही. "उकळून उकळून देते, मग चालेल ना?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. उकळलेल्या दुधात केसीन जसंच्या तसं असतं आणि त्याला अडकवायला पीठही नसतं.

किती मुलांची अ‍ॅलर्जी जाते, याचे आकडे वाचून पालक गोंधळतात, कारण ते एकमेकांशी जुळत नाहीत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दुधाच्या अ‍ॅलर्जीच्या ८०७ मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या वर्षापर्यंत १९ टक्के, आठव्यापर्यंत ४२, बाराव्यापर्यंत ६४ आणि सोळाव्यापर्यंत ७९ टक्के मुलांची अ‍ॅलर्जी गेलेली होती. उलट मेलबर्नमध्ये वर्षभराच्या पाच हजारांहून जास्त बाळांपासून सुरुवात करून त्यांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ८९ टक्के मुलांची ती सहाव्या वर्षापर्यंत गेली होती. पदार्थ वेगळे आहेत हे खरं, पण मुख्य फरक मुलांच्या निवडीचा आहे. बाल्टिमोरची मुलं मोठ्या तज्ज्ञ केंद्रात पाठवलेली होती, म्हणजे आजार जास्त बळावलेली. मेलबर्नची मुलं सर्वसाधारण वस्तीतली होती. तुमची मुलगी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. त्यामुळे साडेपाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी गेली नसेल तर "आता आयुष्यभर राहणार" असं समजू नका. दहाव्या, बाराव्या, चौदाव्या वर्षीही ती जाते.

गहू आणि सोया यांच्या अ‍ॅलर्जी दूध-अंड्याच्याच वाटेनं जातात. शेंगदाण्याची गोष्ट वेगळी आहे, ती साधारण पाचापैकी एका मुलाची जाते. मेलबर्नच्या अभ्यासात सहाव्या वर्षापर्यंत २९ टक्के मुलांची गेलेली दिसली. बदाम, काजू, अक्रोड यांची दहापैकी एखाद्याचीच जाते. मासे आणि कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी बहुतेकदा मुक्कामाला येते. इसब जोरात असेल, दमा असेल, एकाहून जास्त पदार्थांची अ‍ॅलर्जी असेल, पहिला आयजीई फार वर असेल, तर वेळ जास्त लागतो.

आता १८ वरून ४. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट हीच. आयजीईच्या एका आकड्याला फार अर्थ नसतो, तो कुठल्या दिशेला आणि किती वेगानं चाललाय हे बघायचं. तीन वर्षांत तो पाव हिश्श्यावर आला, हे चांगलं लक्षण आहे. एवढं मात्र बघा की दोन्ही तपासण्या एकाच पद्धतीच्या आहेत ना, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. दुधाचा आयजीई १५ च्या वर असेल तर नुसत्या दुधानं त्रास होण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा आम्ही सहसा थांबतो. २ च्या आसपास आला की शक्यता निम्मी-निम्मी होते. ४ म्हणजे मधली जागा. इथे कागदावरून निर्णय देता येत नाही, तोंडावाटे दूध देऊनच बघावं लागतं.

त्या आकड्यावरून दोन गैरसमज होतात. आकडा मोठा म्हणजे रिअ‍ॅक्शन गंभीर, हा पहिला. आकडा फक्त रिअ‍ॅक्शन होण्याची शक्यता सांगतो, ती किती जोराची असेल हे सांगत नाही. आयजीई १ असलेल्या मुलाला मी अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे गंभीर रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, द्यायला लागल्याचं पाहिलं आहे. म्हणून "आता ४ च आहे, झालं तर थोडंसंच होईल" हा हिशोब करू नका. दुसरा गैरसमज तुमच्या घरात शेंगदाण्याच्या बाबतीत आधीच झालेला दिसतो.

तिनं शेंगदाणा कधी खाल्लाच नाही. मग तिला त्याची अ‍ॅलर्जी आहे हे कुणी ठरवलं? त्वचेवर गांध उठली याचा अर्थ एवढाच की तिच्या शरीरात शेंगदाण्याविरुद्ध आयजीई आहे. अशी चाचणी पॉझिटिव्ह असलेली कितीतरी मुलं शेंगदाणे खुशाल खातात, विशेषतः इसब असलेली. गांध ८ मिलिमीटरची किंवा त्याहून मोठी असेल तर खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता खूप वाढते. ३-४ मिलिमीटरची असेल तर प्रश्न उघडा आहे. जुना रिपोर्ट शोधून मिलिमीटर बघा. रक्तातून शेंगदाण्यातल्या 'अरा एच २' या एका प्रथिनाचा आयजीई पाहता येतो, तो संपूर्ण शेंगदाण्याच्या आयजीईपेक्षा बराच नेमका असतो. तो नगण्य आला तर शेंगदाण्याचीही तोंडावाटे चाचणी करून घ्या. जी अ‍ॅलर्जी सिद्धच झालेली नाही तिच्या जाण्याची वाट बघण्यात तिची पाच वर्षं गेली आहेत. आणि न खाण्याचेही तोटे असतात. इसब असलेल्या मुलानं पचणारा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर सहनशक्ती जाऊन पुढे खरी रिअ‍ॅक्शन सुरू झालेली पाहायला मिळते. तेव्हा नुसत्या चाचणीवरून पदार्थ बंद करू नयेत. मात्र आता, एवढ्या वर्षांच्या खंडानंतर, तो घरी सुरू करू नका.

तोंडावाटे चाचणीला आम्ही 'फूड चॅलेंज' म्हणतो. तो दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे मनातली धास्ती कमी होईल. आधी ५ ते ७ दिवस अँटीहिस्टामिन बंद. ताप, खोकला, छातीत घरघर असेल तर तारीख पुढे ढकलायची, आढेवेढे न घेता. सकाळी हलकं खाऊन यायचं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी पहिल्यांदा भाजलेल्या दुधाचं चॅलेंज करेन, म्हणजे मोजून दूध घातलेला मफिन, तुकड्या-तुकड्यानं. तो पचला तर पुढच्या भेटीत नुसतं दूध. काही डॉक्टर थेट दुधापासून सुरू करतील, त्यातही चूक काही नाही.

दुधाचा पहिला डोस ३ मिलिग्रॅम प्रथिनाचा, म्हणजे जेमतेम दोन थेंब. निदान वीस मिनिटं थांबायचं. मग १०, ३०, १००, ३००, १००० असं चढत जाऊन शेवटचा ३००० मिलिग्रॅमचा, म्हणजे सुमारे ९० मिलिलिटर दूध. त्यानंतर किमान दोन तास तिथेच बसायचं. अर्धा दिवस सहज जातो. खेळणी, आवडतं पुस्तक, तिला चालणारा खाऊ घेऊन जा, दूध ज्यात मिसळता येईल असं काहीतरीही.

त्या वेळात मी यंत्राकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघते. रिअ‍ॅक्शनची पहिली खूण पुष्कळदा गांध नसते. इतका वेळ बडबडणारं मूल एकदम गप्प होतं, खेळ सोडून आईच्या मांडीवर येऊन बसतं, जीभ टाळूला घासतं, कान खाजवतं. आईला ते माझ्याआधी कळतं. "ही अशी नाहीये," असं आई म्हणाली की मी पुढचा डोस थांबवते, अंगावर काही दिसत नसलं तरी. त्रास वाढलाच तर अ‍ॅड्रेनलिन हाताशी असतं: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बहुतेक मुलं काही मिनिटांत सावरतात.

याच संदर्भात एक विचारते. सात महिन्यांची असताना तिला गांधी आणि लागोपाठ उलट्या एकदम झाल्या. त्वचा आणि पोट अशा दोन ठिकाणी मिनिटांत लक्षणं येणं अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये मोडतं. तुमच्याकडे अ‍ॅड्रेनलिनचं पेन (घरीच टोचता येणारं तयार इंजेक्शन) आहे का? त्याची मुदत संपलेली नाही ना? १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांना साधारणपणे ०.१५ मिलिग्रॅमचं पेन लागतं. अँटीहिस्टामिनचं औषध खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. पेन नसेल तर चॅलेंजची तारीख ठरायच्या आधी ते घ्या.

चॅलेंज जमलं नाही तर ते वाया गेलं असं मानू नका. कितव्या डोसला त्रास झाला हे कळतं, आणि वर्षभरानं पुन्हा बघता येतं. भाजलेलं चाललं पण दूध चाललं नाही, तर भाजलेलं नियमित सुरू ठेवायचं. त्यानं मुलाचं खाणं मोकळं होतं, आणि नुसत्या दुधाची अ‍ॅलर्जी लवकर सुटायलाही मदत होते असं माझ्यासह अनेकांचं निरीक्षण आहे. पण कुठला पदार्थ, किती, किती वेळ भाजलेला, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अर्धवट भाजलेला, मध्ये ओलसर राहिलेला केक आणि कोरडा भाजलेला केक यांत फरक असतो.

चॅलेंज पास झालं की खरं काम घरी सुरू होतं, आणि इथेच बरीच कुटुंबं थांबतात. पाच वर्षं ज्या पदार्थाला घाबरायला शिकवलं तो आता खा म्हटलं की मूल तोंड फिरवतं. आईचाही हात पुढे होत नाही. शेंगदाण्याचं चॅलेंज पास झालेला एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे पुन्हा आला तेव्हा वर्षभरात त्यानं एकही दाणा खाल्ला नव्हता, वासानंच त्याला मळमळायचं. मी त्याला रागावले नाही. आम्ही दाण्याची पूड चॉकलेटच्या खाऊत अर्धा चमचा मिसळण्यापासून सुरुवात केली, पण खाण्यापूर्वी त्याला सांगून. फसवून दिलं असतं तर त्याचा विश्वास गेला असता. हे मी आग्रहानं सांगते, कारण शेंगदाण्याची गेलेली अ‍ॅलर्जी साधारण ८ टक्के मुलांत परत आल्याची नोंद आहे, आणि ती मुख्यतः क्वचित खाणाऱ्यांत. आठवड्यातून दोन-तीनदा खाण्यात आलं पाहिजे. दूध आणि अंडं रोजच्या खाण्यात असल्यानं त्यांची काळजी कमी. पेन लगेच फेकून देऊ नका, किती दिवस जवळ ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा.

शेंगदाणा किंवा दूध थेंबाथेंबानं वाढवत नेण्याचा जो उपचार आहे, इम्युनोथेरपी, तो आणि आपोआप अ‍ॅलर्जी जाणं या दोन गोष्टी एक नाहीत. त्यात मूल रोज डोस घेत असेपर्यंत सुरक्षित राहतं, डोस थांबला की संरक्षण अनेकदा जातं. २०२२ मध्ये आलेल्या, १ ते ३ वर्षांच्या मुलांच्या शेंगदाण्याच्या अभ्यासात उपचार चालू असताना ७१ टक्के मुलं भरपूर शेंगदाणा पचवत होती, उपचार सहा महिने थांबवल्यावर २१ टक्के. ज्यांची अ‍ॅलर्जी टिकून राहणार असं दिसतं त्यांच्यासाठी तो विचारात घ्यावा. तुमच्या मुलीच्या दुधासाठी आज तरी मला गरज दिसत नाही. आणि बाजारात शंभर पदार्थांच्या आयजीजी तपासण्या मिळतात, त्यांच्यावर एक पैसाही घालवू नका. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड आहे, ते आपण काय खातो तेवढं सांगतं, अ‍ॅलर्जी सांगत नाही.

आता धाकटा. बहिणीला अ‍ॅलर्जी आहे म्हणून त्याला दूध-अंडं-शेंगदाणा उशिरा देण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जोखमीच्या बाळांना शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका असा सल्ला दिला होता, २००८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. नंतर लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास झाला. ४ ते ११ महिन्यांच्या वयात ज्यांना शेंगदाणा सुरू करून नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ८१ टक्क्यांनी कमी होती. तीच मुलं पौगंडावस्थेत तपासली तेव्हाही फायदा टिकून होता.

त्याला इसब आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जोराचा असेल तर वरचं खाणं सुरू करण्याआधी, याच महिन्यात, डॉक्टरांना दाखवा आणि त्वचेवर आधी उपचार करा. नसेल किंवा अगदी हलका असेल, तर सहा महिन्यांच्या सुमारास, मान धरून बसायला लागला की, इतर खाण्याबरोबर पूर्ण शिजवलेलं अंडं आणि पाण्यात पातळ केलेली शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट सुरू करा. अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो. एका वेळी एकच नवा पदार्थ, दिवसा, तो बरा असताना, चमच्याच्या टोकावर घेऊन, आणि दहा मिनिटांनी बाकीचं. त्याच्या बहिणीला अजून चालत नाही तोवर त्याचं भांडं, चमचा वेगळा ठेवा, त्याला भरवून झाल्यावर हात साबणानं धुवा, टेबल पुसा. एकदा चाललं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा.